ऑगस्टमधली साक्ष

३ फेब्रुवारी, मंगळवार

रक्त गरम पाण्यात धुतात का कोणी? बावीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात काढली. नवीन बाई आली की पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगते — रक्ताला गार पाणी. गरम पडलं की डाग शिजतो, मग काही केल्या निघत नाही. आणि माझ्याच घरात, ह्यांच्या रंगाच्या डब्यांमागे, उशीचा अभ्रा! उकळून, पिळून, कोंबून ठेवलेला. मधोमध चहाच्या रंगाचा मोठा डाग, आजूबाजूला बारीक शिंतोडे.

पहिल्यांदा राग आला तो धुण्याचाच. खरं तेच लिहिते. चांगला अभ्रा वाया घालवला म्हणून.

विचारलं, अहो, हे काय? म्हणे, 'रंग सांडला.' चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या ह्यांनी, घरात रंग सांडणं नवं नाही. पण मला रंग आणि रक्त यांतला फरक कळत नाही होय! म्हटलं, कुठला रंग? म्हणे, 'तांबडा.' आणि चपला घालून बाहेर. जेवायला आले तेव्हा दुसराच विषय काढला, मीही त्याच विषयावर बोलले.

४ फेब्रुवारी

मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. दोघांनी चहा घेतला, दोघांनी म्हटलं साखर कमी पडली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज कबूल झाले. थंडी पडल्यापासून खोकल्यातून रक्त येतंय. म्हणजे तीन महिने! रुमाल फेकून देत होते, अभ्रा फेकायचा जीव झाला नाही. मी कामावर गेले की पाणी उकळायचे. मी म्हटलं, तोंड शिवलं होतं का तुमचं? मला सांगायला काय झालं होतं?

तर म्हणाले, 'तू सगळ्यांसमोर उभी राहिली होतीस ना.'



सगळं लिहून ठेवते, म्हणजे मला पळवाट राहायला नको. मागच्या ऑगस्टमध्ये ह्यांच्या फुप्फुसातल्या गाठीचे उपचार संपले. छातीचा फोटो काढला. रिपोर्ट आणायला हे एकटेच गेले, कारण माझी ड्यूटी होती. संध्याकाळी दारातच कळलं — डाग गेला! त्याच रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का, प्रभूने काय केलं ते सांगायचं आहे का? त्यांचं वाक्य संपायच्या आत मी माइकपाशी. म्हणाले, माझे यजमान पूर्ण बरे झाले. डॉक्टरांनी नाही, प्रभूने केले. डोळ्यांना दिसतं त्यावर जाऊ नका. शंका घेणं म्हणजे प्रभूच्या तोंडावर दार आपटणं. ह्यांनीच दारात उभं राहून मला सांगितलं, डाग गेला!

लोक रडले. उभे राहिले. टाळ्या वाजवल्या. आणि मला आवडलं. हे कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते — मला फार आवडलं. बावीस वर्षं लोकांच्या घाणेरड्या चादरी उचलणाऱ्या बाईला कोणी टाळ्या वाजवत नाही. तेव्हापासून मी 'विश्वासात भक्कम बाई'. कुणाचं दुखलं-खुपलं की मला बोलावणं. मी जायची, डोक्यावर हात ठेवायची, मोठ्याने प्रार्थना करायची.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा तपासणीची तारीख होती. मीच म्हटलं, देवाने दिलेलं पुन्हा मोजून घ्यायचं का? हे लगेच म्हणाले, 'बरं.' एकतीस वर्षांच्या संसारात ह्यांनी तासभर वाद घातल्याशिवाय साधी खुर्ची हलवली नाही. आणि त्या दिवशी एका शब्दात बरं! तेव्हाच माझे कान उभे राहायला हवे होते. नाही राहिले. मीच मारलं त्यांना, असं सारखं मनात येतंय.

७ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांकडे. ह्यांनी मला केसपेपर काढायला खाली पाठवलं. रांग ही मोठी. वर आले तोवर दोघांचं बोलणं झालेलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, 'दोन्ही बाजूंना पसरलंय. आता त्रास कमी करायचा, एवढंच आपल्या हातात.' मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, 'आठवडे.'

जिना उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबलो. दुसऱ्या मजल्यावर हे म्हणाले, 'त्या दरवाजावरची अक्षरं बघ. कुणी रंगवलीत कोण जाणे, काना एकीकडे, मात्रा एकीकडे.' मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. माणसं वाट सोडून बाजूने जात होती.

८ फेब्रुवारी, रविवार

जायचंच नव्हतं. हे म्हणाले, नाही गेलीस तर विचारतील. गेले.

उपासना संपल्यावर पोस्टातली आली आणि गळ्यात पडली. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसते ती, बत्तीस वर्षांची, नवरा वारलेला, दोन लहान मुली. छातीत गाठ आहे हे मला माहीत होतं, मीच दोनदा हात ठेवून प्रार्थना केली होती. कानाशी लागून म्हणते, 'मावशी, पाच मार्चला ऑपरेशन होतं. मी डॉक्टरांना नको म्हणून सांगितलं! तुमच्या साक्षीवर उभी आहे मी.'

माझ्या तोंडून काय निघावं? आमेन! सवयीने. जीभ हासडून टाकावीशी वाटली. आणि ती हसत हसत मुलींचे हात धरून गेलीसुद्धा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कामावर कशात लक्ष नाही. डागाळलेल्या चादरी स्वच्छ गठ्ठ्यात टाकल्या, मुकादम ओरडला. इस्त्रीवर असते ती फटाकडी — तिला देवाधर्माचं काही नाही, तोंड मात्र सारखं चालू — तिने मला रोलरच्या मागे ओढलं. म्हणे, 'काय झालंय? मेल्यासारखी दिसतेस.' सांगून टाकलं सगळं. ह्यांचं, साक्षीचं, पोस्टातलीचं.

तिला वाटलं असतं तर ती हसू शकली असती. वर्षानुवर्षं मी तिला नरकाची भीती घातली आहे. हसली नाही. म्हणाली, 'हे बघ, तुझ्या देवातलं मला काही कळत नाही. गाठीतलं कळतं. माझ्या आईला होती. त्या पोरीला आत्ताच्या आत्ता सांग.' मी म्हटलं, मग साक्ष? म्हणाली, 'साक्षीला दोन मुली आहेत का?'

११ फेब्रुवारी, बुधवार

पाळकसाहेबांकडे गेले. त्यांना बदमाश म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण माणूस चांगला आहे. ऐकता ऐकता डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाले, 'बाई, मी स्वतः तिला सांगितलं ऑपरेशन करून घे. देव डॉक्टरांच्या हातूनही करतो. तर मला म्हणते, पाळकसाहेब, तुमचा विश्वास मावशींएवढा नाही.'

म्हटलं, मग मी रविवारी उभी राहते, साक्ष मागे घेते.

चेहरा उतरला. बराच वेळ चष्मा पुसत बसले. 'थोडं थांबा. तुमच्या साक्षीमुळे किती जण परत आलेत उपासनेला. काही जण अगदी काठावर आहेत. आणि कोण जाणे — अजूनही चमत्कार होऊ शकतो. तुम्हीच तर म्हणायचात.'

हो. मीच म्हणायचे! जिकडे जावं तिकडे माझंच वाक्य माझ्या अंगावर येतंय. म्हटलं, साहेब, चमत्काराला मी अडवत नाही, पण पाच मार्च काही थांबणार नाही. ते म्हणाले, प्रार्थना करूया. केली. दारापर्यंत सोडायला आले, पायरीवरून सांभाळून उतरा म्हणाले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

म्हटलं, मंडळी गेली खड्ड्यात, पोरीला एकटीला गाठून सांगू. दुपारची अर्धी रजा टाकली आणि पार्सलच्या रांगेत उभी राहिले, हातात पार्सल नाही. खिडकीपाशी पोचले. काचेला खाली भोक असतं त्यातून बोलायचं, म्हणजे वाकून. वाकून सांगितलं, अगं, ह्यांचा आजार गेला नाही. दोन्ही बाजूंना पसरलाय. माझी साक्ष चुकली. तू ऑपरेशन करून घे.

तिने शिक्का खाली ठेवला. आधी घाबरली, मी बघितलं. एक क्षणभरच. मग चेहरा असा उजळला की मलाच भीती वाटली. म्हणाली, 'मावशी, ही तुमची परीक्षा आहे! सैतान नेमका साक्षीवरच घाला घालतो. तुम्हीच म्हणाला होतात ना — डोळ्यांना दिसतं त्यावर जाऊ नका?'

मी म्हटलं, अगं बाई, मी चुकले!

'तुम्ही थकलाय. मी तुमच्यासाठी उपास धरते.'

मागचा माणूस म्हणाला, ओ मावशी, पार्सल नसेल तर बाजूला व्हा. बाजूला झाले. बाहेर पायरीवर बसून राहिले, मग घरी आले.

१३ फेब्रुवारी

ह्यांना म्हटलं, रविवारी मी उभी राहणार. हे बिछान्यातून उठून बसले. 'नको. मी आहे तोवर तरी नको. एवढं ऐक माझं.'

का? तर म्हणे, 'तुला तिथे मान खाली घालून उभी राहिलेली मला बघवणार नाही.'

भांडलो. कितीतरी दिवसांनी चांगलं कडाकडा भांडलो. मी म्हटलं, माझ्या मानेचं काय घेऊन बसलात! तिच्या दोन मुली आहेत, मोठी आठ वर्षांची, धाकटीला बुटाची नाडी बांधता येत नाही अजून. हे खोकायला लागले. मी पाठीवर हात फिरवत राहिले आणि भांडतही राहिले. शेवटी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, 'तुझी काही चूक नाही यात.' मला वाटलं, समजूत घालतायत.

१५ फेब्रुवारी, रविवार

उभी राहिले. पाळकसाहेबांनी साक्षीबद्दल विचारलंच नाही आज, तरीही मी गेले माइकपाशी. म्हणाले, ऑगस्टमध्ये मी सांगितलं ते खरं निघालं नाही. माझे यजमान मरायला टेकलेत. मी घाई केली, मिरवलं, तपासणीला जाऊ दिलं नाही. माझं ऐकून कोणी औषध सोडलं असेल, ऑपरेशन सोडलं असेल, तर पाया पडते, जाऊन करून घ्या. प्रभूने असं कधी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

पुढच्या बाकावरची म्हातारी माझ्याकडे बघायची बंद झाली, स्वतःच्या हातांकडे बघत बसली. मला वाटलं, आता कोणी ओरडेल. ओरडलं असतं तर फार बरं झालं असतं.

पाळकबाई उठल्या. अगदी हळू माझ्या हातातून माइक काढून घेतला, खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, 'आपली बहीण फार मोठ्या दुःखातून चालली आहे. तिचा विश्वास खचू नये म्हणून सगळ्यांनी हात पुढे करा.'

दोनशे हात माझ्याकडे झाले! सगळे मोठमोठ्याने प्रार्थना करायला लागले — माझ्यासाठी. माझ्या अविश्वासासाठी. मी 'अहो ऐका, ऐका ना' म्हणत होते, ते कुणाला ऐकू जाणार? पोस्टातलीचा आवाज सगळ्यांत वर. रडत होती, उपासाने ओठ सुकलेले. म्हणत होती, प्रभू, मावशींना सोडू नकोस. एकट्या पाळकसाहेबांनी हात पुढे केला नव्हता. तेही काही बोलले मात्र नाहीत.

घरी आले. ह्यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, माझ्यासाठी प्रार्थना केली. म्हणाले, 'पोरगी?' मी नाही म्हणून मान हलवली.

१६ फेब्रुवारी

प्रार्थना केली नाही आज. दात घासायचे राहिल्यासारखं दिवसभर वाटत होतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

फटाकडी म्हणाली, 'मग सोडून दे ना सगळं. मी बघ, काही अडतंय का माझं?' तिला काय सांगू? सोडता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. देवा, तू नाहीस असं मला एकदाही वाटलेलं नाही. तू आहेस, म्हणून तर हा संताप! नसलेल्याशी कोण भांडतं? तू ऐकतोस, हे मला पक्कं माहीत आहे. ऐकून गप्प बसतोस, हेही आता कळलं.

लोक म्हणायचे, भक्कम विश्वास. मला वाटायचं, जोरात मागणं म्हणजे भक्कम. शंका न घेणं म्हणजे भक्कम. आज ह्यांच्या उशाशी बसले, घास भरवला, त्यांनी तो ओकला, मी पुसलं, पुन्हा भरवला. तेव्हा तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही. पण तुला खोलीबाहेरही काढलं नाही. याला काय म्हणतात ते पाळकसाहेबांना विचारायला हवं. नको, ते पुन्हा चष्मा पुसत बसतील.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांचं काय करावं! सकाळी पांढरा शर्ट मागितला, इस्त्रीचा. म्हणे, 'एक जुनी पाटी आहे माझी, रंग टिकलाय का बघून येतो.' चार पावलं टाकता येत नाहीत आणि पाटी! मी येते म्हटलं तर एकदम डोळे मोठे केले. 'एकट्याला जाऊ दे.' असा आवाज कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता, शर्टाला इस्त्री करून दिली.

दोन तास! मी दारात येरझाऱ्या घालतेय. शेवटी एका टॅक्सीवाल्याने हाताला धरून आणून सोडलं. ओठ निळे पडलेले. मी जे तोंड सोडलं ते सोडलं — जिवावर उठलात का स्वतःच्या, आणि माझ्याही? ते ऐकत होते, हसत होते. विचारलं, टिकलाय का रंग? म्हणाले, 'बघू.' आणि शर्टासकट झोपले. बूट मी काढले.

२१ फेब्रुवारी

अॅडमिट केलं. आमच्याच धुलाईतल्या चादरीवर निजलेत. काठाला शिलाई सुटली आहे, मी कामावर असते तर बाजूला काढली असती.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सव्वासहाला गेले. मी हात धरला होता. नर्सने घड्याळाकडे बघितलं तेव्हा मला कळलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

माती दिली. सगळी मंडळी आली होती. सगळ्यांनी सांगितलं, आता ते पूर्ण बरे झाले. म्हणजे माझी साक्ष त्यांनी अशी खरी करून घेतली! एकीने मला विचारलं, पुढच्या रविवारी दोन शब्द बोलाल ना? मी म्हटलं, मला चक्कर येतेय. खरोखरच येत होती.

पाळकसाहेब कबरीपाशी मागे थांबले. म्हणाले, 'बाई, त्या रविवारी मी बोलायला हवं होतं.' म्हटलं, हो, हवं होतं.

पोस्टातली आली नव्हती. दोन्ही मुली शेजारणीबरोबर आल्या होत्या. धाकटीच्या बुटाची नाडी सुटली होती, बांधून दिली. विचारलं, आई कुठे आहे? म्हणाली, 'माहीत नाही.' सगळा दिवस तेवढंच डोक्यात घुमत राहिलं. पाच मार्चला आठवडा राहिला.

४ मार्च, बुधवार

पोस्टातली आली. उद्या सकाळी सात वाजता ऑपरेशन आहे. मागच्या गुरुवारी तपासण्या चालू होत्या म्हणून मातीला येता आलं नाही, म्हणाली. मुली दोन दिवस माझ्याकडे ठेवायला विचारत होती.

म्हटलं, अगं, पण मी एवढं सांगितलं तेव्हा नाही ऐकलंस. आता कशी तयार झालीस?

म्हणाली, 'काका आले होते. पोस्टात. पांढरा शर्ट घालून रांगेत उभे होते. काचेपाशी आले तेव्हा दम लागून बोलताच येईना, मी बाहेर जाऊन खुर्ची दिली. म्हणाले, मी आहे तोवर मावशींना सांगायचं नाही.' मग खाली बघून सांगितलं. ऑगस्टमधला रिपोर्ट वाईट होता. डाग गेला नव्हता, वाढला होता. हे त्यांना तेव्हापासून माहीत होतं. ती त्यांना म्हणाली, मग मावशींना खोटं का सांगितलंत? तर ते म्हणाले, 'मी काही सांगितलंच नाही गं.'

तिला हे कळलं नाही. ती मला विचारत होती, म्हणजे काय मावशी?

मुलींना आत नेलं, पांघरुणं काढून दिली. आता बसून आठवतेय. ह्यांनी दारात उभं राहून सांगितलं, असं मी माइकवर म्हणाले होते. शपथेवर म्हणाले असते. पण ते दारात आले तेव्हा मीच धावत गेले होते, त्यांच्या बुटांच्या नाड्याही सुटायच्या होत्या. 'काय आलं रिपोर्टात?' असं मी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं, 'गेला ना डाग?'